गल्लीचं वायफाय

१९ जुलै २०२०, रविवार, लातूर. नळ येणार होता म्हणून सकाळपासून बॅरल घासत होते. तेवढ्यात आतून लेक ओरडली, "आई, परत गेलं!"

गेलं ते नेट. लेकीला पुण्यात नोकरी लागली आणि लगेच लॉकडाऊन लागला, त्यामुळे ती आमच्या आतल्या खोलीतूनच काम करायची. सोमवारी दहाला तिला साहेबांपुढे कामाची माहिती द्यायची होती. याआधी दोनदा ती बोलता बोलता पडद्यावरून गायब झाली होती. तिसऱ्यांदा असं झालं तर नोकरी पक्की होणार नाही, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

गल्लीत वायफाय आमच्याच घरी. पोरांच्या शाळा मोबाईलवर आल्या तसा मी पासवर्ड शेजारीपाजारी देऊन टाकला. सगळे एकदम बसले की नेट रांगायचं. मग मी नळासारख्या वेळा वाटून दिल्या. दहा ते एक लेकीची.

त्यानं आणखी बिघडलं. लातूरची माणसं पाण्याला तरसलेली. आपली वेळ आली की तांब्यासुद्धा रिकामा ठेवत नाहीत. नेटचंही तेच केलं. सिनेमे, कीर्तनं, लोणच्यांच्या रेसिपी, जे दिसेल ते मोबाईलमध्ये भरून ठेवायला लागले. वेळ संपली तरी उतरवणं चालूच, मोटार चालू ठेवून बाजारात गेल्यासारखं.

"गुपचूप पासवर्ड बदल," लेक म्हणाली.

"बदलते. पण सांगून."

संध्याकाळी मास्क लावून घरोघर गेले. समोरचे काका म्हणाले, "म्हंजे आमचा पिक्चर अर्धाच ऱ्हाणार?"

"लॉकडाऊन उठला की टॉकीजमध्ये बघा."

"तवर मी जगतोय व्हय?"

"मग अर्धाच बरा, काका."

काकू आतून खो खो हसल्या.

शेजारच्या भाभी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान मार्चपासून बंद. "पोरीची चाचणी हाय उद्या धाला, दहावीची. मोबाईलमधलं नेट संपलंय. आन् तुम्ही उद्याच बंद करून राहिल्या?"

"तिला आमच्याकडं पाठवा. स्वयंपाकघरात बसवते."

"आन् बीमारी?"

"खिडक्या उघड्या ठेवते."

भाभी म्हणाल्या, "कॅमेरा चालू ठेवायचा सांगितलाय सरांनी."

घरी येऊन हे सांगितलं तर लेक भडकली. "दोन कॅमेरे पेलणार नाहीत आपल्या नेटला. नोकरी माझी जाईल, आई."

"आणि चाचणी तिची जाईल." मी दमले होते. जेवून झोपले.

सोमवारी सकाळी उठल्या उठल्या पासवर्ड बदलला. टीव्ही, माझा मोबाईल, ह्यांचा मोबाईल, सगळं बंद केलं. दहाच्या आधी भाभींची पोरगी आली. तिला खिडकीखाली बसवलं आणि तिच्या मोबाईलमध्ये पासवर्ड मीच टाकला. दहाला दोघी सुरू झाल्या. थोड्याच वेळात आतून लेकीचा आवाज आला, "हॅलो? सर, ऐकू येतंय का? हॅलो?"

मी पोरीचा मोबाईल हातात घेतला. "सर, मी शेजारीण बोलते. दोन घरांत एकच नेट आहे. हिचा कॅमेरा बंद करते. पेपर माझ्यासमोर लिहील, पुस्तक उघडू देणार नाही."

पलीकडचे सरही थकलेलेच वाटले. "बसा मग तिच्यासमोर. उठू नका."

कॅमेरा बंद केला. आत लेकीचं हॅलो हॅलो थांबलं आणि ती सलग बोलायला लागली. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. कणीक भिजवायची तशीच राहिली. पोरीचा पेपर संपेपर्यंत मी फरशीवर तिच्यासमोर बसून राहिले.