आडवी दांडी

मावशीला दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक ओल्या चादरीचा आणि दुसरा ‘आता राहू दे’ या तीन शब्दांचा. ओल्या चादरीशी तिने बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात झुंज दिली. त्या तीन शब्दांशी मात्र तिचं अजून चालूच होतं.

धुलाईघर तळघरात होतं. वर माणसं जन्मत, मरत, काही बरी होऊन घरी जात. खाली फक्त त्यांच्या चादरी येत. बॉयलर मावशीच्या ताब्यात होता. छताखालून गेलेल्या पाईपांच्या जंजाळात पाणी कुठे अडलंय हे ती नुसता हात लावून सांगायची. इथपर्यंत गरम, इथून पुढे गार, म्हणजे घोडं इथे पेंड खातंय. तिचे तळहात इतके निबर झाले होते की उकळतं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवायची आणि वर आमच्याकडे बघायची, जणू भाजण्याची हौस आम्हालाच होती.

ती निवृत्त झाली तेव्हा तिने आणि काकांनी भाड्याचं घर सोडलं आणि एक जुनी मोटरहोम घेतली. पुढे दोन सीट, मध्ये ओटा आणि टेबल, मागे पलंग. काका चार वर्षं तिच्याबरोबर हिंडले. मग त्यांच्या हृदयाचा बायपास झाला, त्यानंतर तीन वर्षं ते जगले आणि एका दुपारी त्याच मागच्या पलंगावर झोपले ते उठले नाहीत. तेराव्या दिवसाची वाट न बघता घरातल्या सगळ्यांनी मावशीला सांगून टाकलं, की आता राहू दे. मावशी गाडी धुवून, टायरमध्ये हवा भरून निघून गेली.

त्या गाडीत मागच्या पलंगाखाली एक हीटर होता. त्यामागची कल्पना साधी होती. इंजिन चालताना तापतंच, ती उष्णता वाऱ्यावर कशाला सोडायची? इंजिनात फिरणारं गरम पाणी एका फाट्याने मागे न्यायचं, पलंगाखालच्या तांब्याच्या नळ्यांच्या जाळीतून फिरवायचं, जाळीमागे पंखा लावायचा आणि पाणी परत इंजिनात सोडायचं. म्हणजे गाडी पाच तास चालली की मागची खोली, गादी, भिंती सगळं पाच तास तापत राहतं. मुक्कामाला पोचल्यावर गॅसचा हीटर थोडासा लावला तरी भागतं.

काका गेले त्या वर्षी पलंगाखाली ओल दिसली. मावशीने गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं, जाळी कुजली असं सांगितलं, आणि ती काही न बोलता उभी आहे हे बघून मागे जाणारी आणि मागून येणारी अशा दोन्ही पाईप कापल्या. त्यांची तोंडं वाकड्या नळीने एकमेकांना जोडून टाकली. गरम पाणी आता मागे न जाताच परत फिरायचं. काळजीचं काही नाही, बायपास केलाय, असं तो म्हणाला. तेव्हा मावशीचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. तिने मान हलवली. आयुष्यात तिने ज्या मोजक्या गोष्टींना मान हलवली त्यातली ही एक, आणि तिला ती महागात पडली.

मागच्या हिवाळ्यात दिवसभर गाडी चालवून ती एका मोकळ्या मैदानात थांबली. पुढे ऊब होती, मागे बर्फाचा डबा. भिंतीला दव सुटलं होतं, गादी खालून दमट झाली होती. गॅसने हवा तापली, गादी तशीच राहिली. दमलेली बाई तिच्यावर झोपली. चार दिवसांनी न्यूमोनिया. अकरा दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती, आणि तिथेही चादर नीट वाळलेली नाही म्हणून तिने दोनदा परत पाठवली.

तिची मुलगी, आमची ताई, नर्स आहे. ते अकरा दिवस ड्यूटी संपल्यावर ती आईच्या उशाशी बसून असायची. त्यानंतर तिने घरातली मागची खोली रिकामी केली, पडदे शिवले, आणि गाडीला गिऱ्हाईकही शोधलं. रोपं विकणारा एक माणूस होता. त्याला चाकं काढून, विटांवर ठेवून, गाडीचं ऑफिस करायचं होतं. ताईने फोनवर आईला सरळ सांगितलं. “हिवाळा लागला की तू इथे ये. मी मागच्या गादीत हात घालून बघणार. कोरडी आणि गरम असली तर तुझं तू बघ. नसली तर किल्ली माझ्या हातात द्यायची. पुन्हा ते अकरा दिवस मला नकोत.”

“ठरलं,” मावशी म्हणाली.

मग ती माझ्या अंगणात गाडी लावून आठ दिवस राहिली.

आधी आम्ही दोघी त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. तो चांगल्या स्वभावाचा माणूस आहे, हीच अडचण होती. त्याने खुर्ची दिली, तिला आजी म्हटलं, या गाडीचा हा भाग आता मिळत नाही म्हणाला. या वयात मागे कशाला जायचं, पुढे बसायचं, पुढे ऊब आहेच की. मावशी खुर्चीत बसली नाही.

“बायपास माझ्या नवऱ्याचाही झाला होता,” ती म्हणाली. “पण त्या डॉक्टरने रक्त अडलं होतं तिथे वळसा घालून ते पुढे पोचवलं. तू मागच्या खोलीचं रक्तच तोडलंस. याला बायपास म्हणत नाहीत बाबा. याला वाळीत टाकणं म्हणतात.”

तो हसला. मावशी हसली नाही. परतताना ती मला म्हणाली की त्याच्यावर तिचा राग नाही, आपण मान हलवली त्याचा आहे.

पलंगाखालचा हीटर तिने स्वतः काढला. पोटावर पालथी पडून, तोंडात टॉर्च धरून. मी काही विचारलं की टॉर्चमधूनच उत्तर द्यायची, ते मला कळायचं नाही आणि तिला पुन्हा टॉर्च बाहेर काढावा लागायचा. पंख्यात गोधडीचा कापूस, केस आणि काकांच्या सदऱ्याचं एक बटण निघालं. बटण तिने खिडकीच्या कडेवर ठेवलं आणि त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. जाळी माझ्या बाथरूममध्ये आली. तिचं एक तोंड तिने बुचाने बंद केलं, दुसऱ्याला सायकलचा पंप जोडला आणि ती पाण्याने भरलेल्या टबात बुडवली. मी पंप मारत होते. मावशी पाण्यावर वाकून बुडबुडा शोधत होती.

एकही आला नाही.

“कुजली म्हणे,” मावशी म्हणाली. जाळीवरून काढलेला पाईपचा तुकडा तिने उजेडात धरला. रबर आवळणारी लोखंडी क्लिप गंजून ढिली झाली होती. ओल तिथून आली होती. बोटभर क्लिपसाठी एका खोलीला दोन हिवाळे मरू दिलं होतं.

पुढचे दिवस नवी पाईप, नव्या क्लिपा आणि मध्ये एक नवा नळ बसवण्यात गेले. उन्हाळ्यात मागे उष्णता नको असली तर तो बंद करता येईल, असा पलंगाखालच हाताशी. इंजिनात थंडीत न गोठणारं हिरवं पाणी भरलं, गाडी उतारावर नाक वर करून उभी केली आणि हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत मावशी पाईप दाबत बसली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने मागचा पंखा सुरू केला. आधी धुळीचा वास आला, मग रबराचा, मग पलंगाखालून गरम वारा आला. आम्ही दोघी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलो, नदीत पाय सोडावेत तशा. मावशी ताईसाठी तयार ठेवलेलं भाषण बहुतेक मनात घोळवत असावी.

सकाळी मी सोबत निघाले. पलंगाखालच्या कप्प्यात ब्लँकेट ठेवताना मला नळ दिसला. त्याची दांडी पाईपला आडवी होती. म्हणजे बंद. माझ्या घरचा गॅसचा नळही असाच, दांडी आडवी की बंद, सरळ की चालू. एवढं सगळं करून म्हातारी नळ उघडायला विसरली, असं वाटून मला तिच्याबद्दल माया आली आणि थोडा अभिमानही वाटला, माझा. मी दांडी सरळ केली. तिला सांगितलं नाही. उगाच खजील कशाला करायचं.

वाट पाच तासांची, मध्ये एक उंच घाट. मावशी गाडी चालवते तशीच वादही घालते, दोन्ही हातांनी आणि समोर बघत. दोन तासांनी तिने मला मागे पाठवलं. पंखा फिरत होता आणि गार वारा फेकत होता. भिंतींना दव सुटू लागलं होतं. गादीच्या खालच्या बाजूला मी हात घातला. मला नर्स व्हायची गरज नव्हती.

मी येऊन सांगितलं. मावशीने वेग कमी केला नाही. इंजिनाला अजून तापायचं असेल, ती म्हणाली. पुढे आमच्या पायांवर गरम वारा येत होता, हे दोघींनाही कळत होतं. घाट सुरू झाला. पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी काचेवर पडत होतं. मी सुचवलं की शेवटच्या अर्ध्या तासाला थांबून गॅस मोठा करू, आत गरम लागेल, कोणाला कळणार आहे.

“गॅसने हवा तापते, गादी नाही. माझी पोरगी हवेला हात लावणार नाही, गादीत घालणार आहे. मीच शिकवलंय तिला.”

घाटमाथ्यावर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत तिने गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. मागे जाऊन ती गुडघ्यांवर बसली. दोन तासांचा रस्ता राहिला होता. मी उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर विटांवर ठेवलेली गाडी येत होती, खिडकीत रोपांच्या कुंड्या. मावशीने पाईपवर हात ठेवला आणि तो पुढे सरकवत नेला, नाडी बघावी तसा. नळापर्यंत गरम. नळाच्या पुढे गार.

“या दांडीला कोणी हात लावला?”

मी सांगितलं. आडवी होती, म्हणून उघडली.

मावशीने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता शिव्या येतील. तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि मग कळलं की ती हसते आहे. तशीच गुडघ्यांवर बसून तिने मला सांगितलं. धुलाईघरातलं गरम पाणी वॉर्डातली माणसं बादल्यांनी चोरून न्यायची, चादरी अर्धवट राहायच्या. तेव्हा जुन्या मिस्त्रीने एका रात्रीत सगळ्या नळांच्या दांड्या काढून आडव्या बसवल्या. आडवी म्हणजे चालू. चोर यायचा, आडवी दांडी बघायचा, शहाणपणाने सरळ करायचा आणि आपल्याच हाताने पाणी बंद करून रिकाम्या बादलीशी ताटकळत बसायचा. बत्तीस वर्षं मावशीने तेच नळ फिरवले. नवा नळ बसवतानाही तिच्या हाताने विचारलं नव्हतं. दांडी आपोआप आडवी बसली होती.

“बत्तीस वर्षं चोर पकडले,” ती म्हणाली. “शेवटचा घरात निघाला.”

तिने दांडी आडवी केली. पाईपमध्ये गुळगुळ झालं. मी माफी मागायला लागले तर म्हणाली की माफी राहू दे, गादी उभी करून धर. उरलेला सगळा रस्ता, वळणावळणांनी खाली उतरताना, मी मागे गादीला मिठी मारून उभी होते. तिची एक बाजू हीटरकडे, मग दुसरी बाजू हीटरकडे. वारा आधी कोमट होता, मग ऊन. खिडक्यांवरचं दव खालून वर विरत गेलं. काकांचं बटण कडेवर थरथरत होतं, पण पडलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ताई कामाच्या कपड्यांतच खाली उभी होती. आईला तिने मिठी मारली आणि त्या मिठीतूनच, सवयीने, तिच्या छातीत घरघर आहे का ते ऐकून घेतलं. मग आत चढली. गादीवर हात, गादीखाली हात, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे ओल लपते तिथे हात. तिने खूप वेळ घेतला. तिला ओल सापडायला हवी होती, आणि सापडू नये असंही वाटत होतं, ते तिच्या पाठीवरून कळत होतं. शेवटी तिने वाकून पलंगाखाली पाहिलं.

“अजून आडवीच लावतेस,” ती म्हणाली.

“आडवीच.”

ताई पलंगावर बसली. वारा तिच्या पोटऱ्यांना लागत होता. मग तिने जे विचारलं ते नर्सचं नव्हतं. “आई, उद्या हे बिघडलं तर?”

“बिघडेल की. मी कुठे म्हटलं बिघडणार नाही? मला दुरुस्त करता येतं, एवढंच माझं म्हणणं आहे.”

“आणि तू बिघडलीस तर?”

“तर तू आहेस. पण आधी मला बिघडू तर दे.”

ताई निदान खोली बघून जा म्हणाली. आम्ही वर गेलो. मागची खोली स्वच्छ होती. नवे पडदे, पलंग, उशाशी दिवा. पडद्यांची शिवण मावशीने उलटून पाहिली आणि चांगली आहे म्हणाली, मनापासून. मग खोली तापवणाऱ्या, खिडकीखालच्या रेडिएटरवर हात ठेवला. खाली गरम, वर गार. तिने कमरेच्या जुडग्यातून एक बारकी चावी काढली, कडेचा स्क्रू थोडा फिरवला आणि खाली फडकं धरलं. आतली कोंडलेली हवा फुसफुसत बाहेर आली, कितीतरी वेळ येत राहिली. तिच्यामागून पाण्याचा एक थेंब आला. मावशीने स्क्रू आवळला. रेडिएटरचा वरचा भाग हळूहळू तापू लागला.

“ही खोली आता गरम राहील,” ती म्हणाली. “कोणी आजारी पाहुणा आला तर उपयोगी पडेल.”

गाडीची किल्ली त्याच जुडग्यात होती. ताईने तिच्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. मावशीने जुडगा कमरेला खोचला, फडकं पिळून दाराच्या मुठीवर वाळत घातलं आणि जिना उतरायला लागली. गादी अजून गरम आहे तोवर तिला झोपायचं होतं.