तळ्याकाठचा माझा फोटो

कॅमेरा घेतल्यापासून आमच्या ह्यांना माणसांचा कंटाळा आला होता. देऊळ, डोंगर, दुसऱ्याची म्हैस, काहीही चालायचं. माणूस मध्ये आला की "जरा सरका" म्हणायचे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझा एकही फोटो नव्हता. मला हौस नव्हती, पण साताऱ्याकडे आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचा सारखा निरोप यायचा, "एक फोटो तरी धाड, पोरीला बघू दे." स्टुडिओत जाते म्हटलं तर सासूबाई म्हणायच्या, "घरात कॅमेरा असताना?" त्यांचंही खरंच होतं. कॅमेरा घरातच होता.

एका थंडीत वज्रेश्वरी, गणेशपुरी करून आम्ही तिघं परत निघालो. भिवंडीला कल्याणची एसटी चुकली. सासूबाई स्टँडवर पिशव्या राखत बसल्या आणि हे मला घेऊन तळ्यावर गेले, कारण सूर्य बुडत होता आणि रोलमध्ये एक फोटो उरला होता. बाकीचे गरम पाण्याच्या कुंडांच्या वाफेत गेले होते. रोल काळा-पांढरा. त्यात तांबडं आकाश कसं येणार, हे मी विचारलं नाही.

तो शेवटचा फोटो मात्र आईसाठी मागायचा, असं मी ठरवलं होतं. तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "तू पाण्याशी उभी राहा. तळं केवढं आहे ते कळायला माणूस लागतं." मला आनंदच झाला. मग म्हणाले, "आणखी लांब. आता पाठ कर." असं करत मी पार धुण्याच्या दगडापर्यंत पोचले.

पायरीवर शिफ्ट सुटलेला एक लूमवाला बसला होता, केसांत कापसाचे तंतू. त्याला हे बघवेना. "भाईसाब, भाभीची पाठ कशाला काढता? घरचे लोक तोंड बघतात ना!" असं म्हणून तो माझ्याकडे बघत ओरडला, "भाभी, इधर देखो!" मी गर्रकन वळले आणि तेवढ्यात ह्यांनी बटण दाबलं.

"हललीस!" हे म्हणाले.

फोटो आला. तळं छान, सूर्य पांढराफेक आणि त्याच्यापुढे अंगठ्याएवढी मी, नखशिखांत काळी. माझं तोंड इकडे होतं हे फक्त मला माहीत. मला रडूच आलं. तरी तोच आईला पाठवला. दुसरा होता कुठे?

महिनाभरानं धाकटा भाऊ डिंकाचे लाडू घेऊन आला आणि सासूबाईंसमोरच म्हणाला, "ताई, आई म्हणती, तू लई वाळलीस. समद्यांच्या मागनं उरलंसुरलं खाती का, इचार म्हणाली."

सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांड्यात राहील ते सुनेचं, अशी आमच्याकडे रीतच होती. माझी पोलकी दोनदा आत घेऊन झाली होती. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि आईनं त्या एवढ्याशा सावलीवरून ओळखलं. त्या क्षणी मला आई इतकी हवी होती की लाडू हातातच राहिला.

संध्याकाळी सासूबाईंनी पाट मांडला आणि मला म्हणाल्या, "बस."

"वाढणार कोण?"

"तो. हात आहेत त्याला."

ह्यांनी भात वाढला, ताटाबाहेर सांडेपर्यंत. मी तो सगळा खाल्ला.