एक्सपी आलं आणि फळा हरवला

कॉम्प्युटर शिकवणाऱ्याकडे किस्से कसे साचतात, सांगू? मशीनमधल्या कशाला काय म्हणतात ते कुणालाच ठाऊक नसतं आणि विचारायची लाज मात्र सगळ्यांना वाटते! हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हा बसस्टँडजवळ पहिल्या मजल्यावर आमचा क्लास होता. मालक गायकवाड सर. मी वर्ड शिकवायचो आणि कविता राठोड मॅडम डॉस शिकवायच्या. सेनगावकडच्या त्यांच्या तांड्यावरून कॉम्प्युटर शिकलेल्या त्या पहिल्याच.

डॉस म्हणजे नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, माऊस नाही, हुकूम टाईप करायचा. आमच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं फळा.

* * *

फळा म्हटलं की पुसणं आलंच. पडद्यावरची अक्षरं घालवायचा एक हुकूम असतो. तो समजावून मॅडम म्हणाल्या, "आता समोरचं सगळं पुसून टाका."

कनेरगाव नाक्याचे एक ढाबेवाले काका शिकायला यायचे. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मॉनिटर चकाचक पुसला! वर तक्रार, "मॅडम, धूळ गेली, पर अक्षरं निघून न्हाई राह्यली. साबण हाय का?"

* * *

हुकूम चुकला की डॉस इंग्रजीत सुनवायचं, 'बॅड कमांड!' एक रिटायरमेंटला आलेले गुरुजी होते. त्यांनी फायलींची यादी मागायच्या 'डीआयआर' हुकुमाच्या जागी 'डीयर' टाईप केलं आणि उत्तर वाचून ताडकन उभे राहिले. "तीस वर्षं मास्तरकी केली मी. हा डबा मला बॅड म्हणतो?"

मॅडम घाबरल्या. "गुरुजी, तुमाला न्हाई म्हणून राह्यला. तुमच्या स्पेलिंगला म्हणून राह्यला."

"मंग तर माफीच मागायला पाहिजे त्यानं!"

* * *

विंडोज ९८ मध्ये डॉसला जायची आमची वाट होती 'शट डाउन'मधून. म्हणजे बंद करायच्या बटणावर जायचं आणि तिथून फळा उघडायचा. एका पोरीनं घरी जाऊन सांगितलं, "आज आमी शट डाउन करून शिकलो."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील दारात हजर! "लेकरू जीपला लटकून येतं इथपर्यंत, आन तुमी मशीन बंद करून शिकवता व्हय?"

* * *

मग आलं विंडोज एक्सपी! नांदेडच्या मेकॅनिकनं एका गुरुवारी सहाही मशीनवर ते टाकलं. हिरवी टेकडी, निळं आभाळ, आम्ही तर खुळावलोच! संध्याकाळी मॅडमनी शट डाउन उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. डॉसची वाट गायब!

आम्ही सगळे मेनू पालथे घातले. आम्ही 'डॉस' शोधत होतो आणि त्यानं तर नावच बदललं होतं. सासरी नांदणाऱ्या पोरीला माहेरच्या नावानं पत्र धाडावं, तसं आमचं चाललेलं! शेवटी सरांनी रिसायकल बिन उघडून नीट बघितलं आणि हायसं वाटून म्हणाले, "कचऱ्यात न्हाई. म्हंजी घरातच हाय कुठंतरी."

* * *

हसत होतो खरे, पण मॅडमची नोकरीच टांगणीला लागली होती. सोमवारी डॉसची नवी बॅच सुरू व्हायची होती आणि सरांनी तोंडावर सांगितलं होतं, "डॉसच न्हाई, तर डॉसच्या मॅडमला काहून ठिवू?" इकडे वडिलांची अट होती, काम आहे तोवर हिंगोलीत राहा, काम सुटलं की तांड्यावर परत. शनिवारी दुपारी ते आलेच, लेकीची पेटी न्यायला! मागच्या बाकावर टेकले. मॅडम आपल्या सहाव्यांदा तेच मेनू उघडत होत्या. मला फार वाईट वाटत होतं.

डॉस कुठं गेलं, ते सरांनी बाहेरच्या फोनवरून मेकॅनिकला विचारून ठेवलं होतं; आमचा फोन बंद होता, म्हणून त्यानं त्या दिवशी सकाळी खालच्या चहावाल्या चाचांकडे निरोप ठेवला होता. चाचांनी तो जसा ऐकला तसा सरांना सांगितला आणि सर मोटरसायकल काढून तडक गेले. दोन तासांनी परत आले ते चिखलानं माखून, हातात जुन्या फ्लॉप्यांचं पोतं! काळ्या मातीत गाडी फसली होती.

"सर, गेले कुठं होते तुमी?" मॅडमनी विचारलं.

"शेतात! चाचा म्हणले, स्टार्ट करो, रान में जाओ. मला वाटलं, जुनं सामान आखाड्यावरच्या खोपीत ठिवलंय, त्यातच डॉस असंल. केली गाडी स्टार्ट, गेलो रानात! फुडं म्हणले, शेमडी लिखो. आता रानात कोनाला लिवू शेमडी?"

मागच्या बाकावरून वडील उठले. "शेमडी कोनाला म्हणून राह्यले, सर? माझ्या पोरीला?"

मॅडमचं लक्षच नव्हतं. त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या, "स्टार्ट... रान... शेमडी..." आणि एकदम ओरडल्या, "सर! रान न्हाई, रन! शेमडी न्हाई, सी-एम-डी!"

स्टार्टवर क्लिक. त्यात 'रन' होतंच, रोज दिसायचं, आम्ही कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं! तीन अक्षरं टाईप केली, ओके केलं आणि फळा उघडला. तोच काळा पडदा, तीच पांढरी अक्षरं, शेवटी लुकलुकणारी ती छोटी रेघ! मी टाळ्याच वाजवल्या आणि रानात जाऊन आलेल्या सरांकडे बघून सगळेच हसलो. सर चिखलाच्या हातांनी मॉनिटर धरून म्हणाले, "मॅडम, सोमवारी बॅच तुमचीच!"

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी वडिलांकडे वळून बघितलं. ते पेटी तशीच ठेवून पुढे आले होते आणि वाकून त्या काळ्या पडद्याकडे बघत होते.

"सरायला काहून हसता? रानच तर हाय हे. काळंभोर," ते म्हणाले. "बघत काय बसली? पेर की आता!"