नलिनीबाईंचा समुद्रतळ

पडदा सरकावा आणि समोर एकच खुर्ची दिसावी, तशी टोकरखाड्यातली ती खोली. खिडकीत शंखांची ओळ, भिंतीवर समुद्राच्या तळाचा हाताने रंगवलेला नकाशा. खुर्चीत नलिनी गवाणकर, सिल्वासाच्या मराठी शाळेतल्या भूगोलाच्या बाई. साल एक्क्याण्णव, रविवारची सकाळ. बाई मघापासून दाराकडे बघत होत्या.

मालवणहून त्या मुंबईला भूगर्भशास्त्र शिकायला गेल्या होत्या. वडील वारल्यावर ते अर्ध्यावर सोडून इथे नोकरीला आल्या. लग्न राहून गेलं. समुद्रतळ मात्र सुटला नाही. दरवर्षी नववीच्या वर्गात त्या महासागरातली डोंगररांग फळ्यावर काढत आणि दरवर्षी कोणीतरी विचारी, "बाई, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की वह्या मिटत.

ऐकणारा एकच मिळाला. शेजारच्या खोलीतला सुकदेव, धुळ्याकडचा, प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होता. दर रविवारी चहाला येई, हातात मशीनवरच्या प्लास्टिक पट्टीचा एखादा तुकडा. त्याच्या मशीनमध्ये प्लास्टिकचा दाणा वितळून फटीतून बाहेर पडे आणि रोलर तो रस ओढून त्याची लांब पट्टी करत. हल्ली ती मध्येच जाड, मध्येच पातळ येत होती.

"सुपरवायझर म्हणे, तुझा हात हलतो," सुकदेव आल्या आल्या म्हणाला. "महिनाखेरपर्यंत नीट आलं नाही तर गावाला जा म्हणे. आता गावाला जाऊन काय तुमचा समुद्र सांगू?"

"सांग की. तिथे परीक्षा तरी नाही."

बाईंनी तुकड्यावरून अंगठा फिरवला. जाड, पातळ, पुन्हा जाड.

"तळाशी असंच होतं बघ. आइसलँडकडे खालून तापलेला खडक वर येतो, पण एकसारखा नाही, ठोक्याठोक्याने. ठोका आला की वितळलेला रस जास्त निघतो, तिथलं कवच जाड होतं. ओसरला की पातळ. आणि तळ तर दोन्ही बाजूंना सरकतच असतो, म्हणून ते पट्टे तसेच मागे राहतात. लाखो वर्षांचे."

"तिकडे सुपरवायझर कोणाला बोलतो?"

बाई हसल्या. मशीनचा दोष शोधायची युक्ती त्यांना मागच्याच रविवारी सुचली होती. बोलल्या नव्हत्या. पट्टी एकसारखी आली की सुकदेव नोकरीत पक्का होणार, लांब सुरंगीच्या रस्त्याला कंपनीची खोली मिळणार. मग रविवारी या दारात कोण येणार होतं?

चहा निवत चालला होता. सुकदेव नकाशाकडे बघत बसला होता, गावी जायचं ठरल्यासारखा.

"उद्या रोलर जरा जोरात चालव," बाई एकदम म्हणाल्या. "आणि पट्टीवरच्या दोन जाड जागांमधलं अंतर मोज. तेवढंच राहिलं तर रोलर वाकडा, दर फेऱ्याला तीच खोट. वाढलं, तर मागून येणाऱ्या रसातच ठोके आहेत. तुझ्या हाताचा काही संबंध नाही."

अंतर वाढलं. सुकदेवने आधीची आणि जोरात ओढलेली, दोन्ही पट्ट्या इंजिनिअरपुढे ठेवल्या. दाणा वितळवणाऱ्या मागच्या हीटरची वायर सैल निघाली. तो मध्येच बंद पडे, पुन्हा तापे.

पुढचे दोन रविवार सुकदेव आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो ट्रंक आणि पेढे घेऊन. ट्रंक त्याने उंबऱ्याबाहेरच ठेवली.

"आता आरशासारखी येते, बाई. तुम्हाला दाखवायला कायच उरलं नाही."

"बरं झालं."

नकाशाखाली तो जुना तुकडा ठेवलेला होता. सुकदेवने उचलून पाहिला. "हा कशाला ठेवला? चांगला आणून देऊ का, एकसारखा?"

बाईंनी तो त्याच्या हातातून घेतला.

"नको, हाच बरा. आणि जाताना दार ओढू नकोस. उघडंच असू दे."