‘सोडा’ न म्हणणाऱ्या शर्मिलाताई

शर्मिलाताई गायकवाड निवृत्त झाल्या त्याला तीन वर्षं झाली, तरी कर्वेनगरच्या आमच्या संशोधन केंद्रात कुणी त्यांच्यासारखं खळखळून हसलं की मी अजून दाराकडे बघते.

त्या मूळच्या नर्स. तंबाखू सोडवण्याच्या अभ्यासात समुपदेशक म्हणून आल्या. दोन पद्धतींची तुलना होती. एका गटाशी तोंडाच्या तपासणीचा रिपोर्ट दाखवून बोलायचं. दुसऱ्याला फक्त विचारायचं आणि ऐकायचं, उपदेश अजिबात नाही. ताईंकडे दुसरा गट आला. भेट वीस मिनिटांची. रेकॉर्डिंग ऐकून कोण किती बोललं, हे मी मोजायचे.

पहिल्या भेटीत सोळा मिनिटं ताईच बोलल्या होत्या. सांगितलं तर भडकल्या, “मग मी काय शोभेला बसू?” पण हेडफोन मागून घेतला आणि सगळं ऐकलं. “उल्का, त्या माणसाला मी तोंडच उघडू दिलं नाही गं.”

मग कसब्यातले सर्जेराव आले. तांब्याची भांडी घडवायचे, दिवसाला तंबाखूचे दहा बार. म्हणाले, “सगळे सोडा म्हणतात. तुम्हीही म्हणा.”

“मी नाही म्हणणार. तुम्हाला काय वाटतं?”

पुढे चाळीस सेकंद रेकॉर्डिंगवर नुसता पंखा. ताईंनी ते कसे काढले असतील, मला ठाऊक आहे.

“नात जवळ येत नाही,” सर्जेराव म्हणाले. “वास येतो म्हणते.”

“ते लागतं तुम्हाला.”

“लागतं हो.” आणि जरा वेळाने आपणहूनच, “जेवणानंतरचा एक ठेवतो. बाकीचे बंद.”

सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे आकडे जवळपास सारखेच निघाले. सर्जेरावांचा तो एक बार चालूच होता, म्हणून फॉर्मवर ‘सोडली नाही’.

“दहावरून एकावर आलेला माणूस नापास?” ताईंनी विचारलं.

“ताई, रकानेच दोन आहेत.” त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

अभ्यासाचा शोधनिबंध छापून आल्यावर एका दुपारी सर्जेराव परत आले. शेवटचा बारही सुटून चार महिने झाले होते. ताईंनी स्वतः चहा टाकला. “लिही ना हे,” मला म्हणाल्या.

“अभ्यास संपला, ताई.”

“मग तुझ्या वहीत लिही.” लिहिलं.

हल्ली रविवारी मी त्यांच्याकडे विश्रांतवाडीला जाते, माझी रडगाणी सांगते. त्या शांतपणे ऐकतात, एखादा प्रश्न विचारतात. कधी कधी वाटतं, पूर्वीसारखं एकदा चांगलं रागवावं त्यांनी.