दार उघडेपर्यंत

त्या टॅक्सीवाल्यावर मी आधी डाफरले, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकते.

मी बायकांचे कपडे शिवते. चाळीस वर्षं झाली. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, फळीवर मापांच्या वह्या आणि दारात सतत कुणीतरी ‘उद्याच हवंय’ म्हणत उभं. माझं तोंड फटकळ आहे, असं गिऱ्हाइकं सांगतात. सूनही सांगते, पण जरा लांब उभी राहून. अशी मी पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले आणि परदेशी निघाले. धाकट्या बहिणीकडे, तिला न कळवता.

आमचा सात वर्षांचा अबोला होता. तिच्या लेकीच्या लग्नातला पोशाख मी शिवून पाठवला होता. मापं मागवायची सोडून ‘पोर हुबेहूब आईवर गेलीय’ या भरवशावर मी वहीतून धाकटीची तिच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळची मापं काढली आणि कापडाला कात्री लावली. पोशाख पोरीच्या खांद्याखाली उतरेना. लग्नाला दोन दिवस राहिलेले. धाकटी फोनवर म्हणाली, “ताई, तुझा हात गेला आता.” शिवणाऱ्या बाईच्या हाताला नाव ठेवलं! मी फोन आपटला, तिचा नंबर पुसून टाकला आणि पुढे परदेशातून आलेला एकही फोन उचलला नाही. मग तिनेही नाद सोडला.

चूक माझी होती, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ते मान्य करायला सात वर्षं लागली. येत्या गुरुवारी मला पासष्ट पूर्ण होणार होती आणि हे ओझं घेऊन सहासष्टात पाऊल टाकायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. कळवलं असतं आणि ती ‘नको येऊस’ म्हणाली असती तर? म्हणून कळवलंच नाही. पत्ता जुन्या पार्सलच्या पावतीवर होता.

विमानतळाबाहेर रांगेतली पहिली टॅक्सी मिळाली. चालक पंचावन्नच्या आसपासचा, पोट सुटलेला, कोट घातलेला. कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. माझं लक्ष पहिलं तिकडेच गेलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच फाटकं, त्यामुळे आमचं छान जमलं. इथे मी आमचं बोलणं सरळ मराठीत लिहिते, म्हणजे त्याचीही लाज राहील आणि माझीही.

चाळीस मिनिटांनी त्याने मला एका शांत गल्लीत आणलं. ओळीने बैठी घरं, हिरवं दार, पुढे तीन पायऱ्या. मी घंटी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मागे वळून बघते तर हा आपला गाडीला टेकून उभा.

“तुम्ही जा,” मी म्हटलं.

“दार उघडलं की जातो.”

“अहो, उघडेल. जा तुम्ही.”

“उघडू दे ना.”

आता माझं डोकं तडकलं. आधीच दार उघडेना, त्यात हा साक्षीदार! मी म्हटलं, “मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुमचं भाडं झालं, काम झालं, निघा.” त्याने शांतपणे मीटर बंद केला, माझी बॅग वर आणून ठेवली आणि सर्वांत खालच्या पायरीवर बसला. त्याचं बूड काही हलेना. शेवटी मीही वरच्या पायरीवर बसले.

मग त्याने सांगितलं. आधी तो चपलांच्या कारखान्यात होता. तो बंद पडला तेव्हापासून टॅक्सी, सव्वीस वर्षं. पहिल्याच हिवाळ्यात त्याने एका म्हाताऱ्याला घरी सोडलं. फाटकाशी उतरवलं आणि निघून गेला. ते घर वर्षभर रिकामं होतं. म्हातारा आता मुलाकडे राहायचा, पण ते तो विसरला होता. पाच तास थंडीत पायरीवर बसला. लोकांनी उचलून दवाखान्यात नेला म्हणून वाचला. “आणि पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन स्टँडवर आला,” तो म्हणाला, “माझे आभार मानायला. मी गाडी नीट चालवली म्हणून! मॅडम, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

तेव्हापासून दार उघडून माणसाला कुणी आत घेतल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. स्टँडवरचे लोक त्याला ‘उंबरठा’ म्हणून चिडवतात. बायको लाँड्रीत कामाला आहे. तो घरी आला की ती मुद्दाम मिनिटभर दार उघडत नाही आणि आतून विचारते, “कळलं का, कसं वाटतं ते?” हे सांगताना तो स्वतःच इतका हसला की पायरीवरून घसरला असता.

अशा माणसावर किती वेळ रागावणार? मी म्हटलं, “कोट काढा. ते बटण मला बघवत नाही.” बॅगेतून सुई-दोरा काढला आणि कामाला लागले. हात चालू असला की मला धीर येतो.

दोन टाके घातले असतील, तेवढ्यात शेजारची म्हातारी पिशवी घेऊन आली. तिचं आणि उंबरठ्याचं त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी चाललं. मग तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

“तुमची बहीण तासाभरापूर्वी विमानतळावर गेली. झाडांना पाणी घालायला किल्ली हिच्याकडे ठेवून.”

“कुठे गेली?”

“तिच्या मोठ्या बहिणीकडे. गुरुवारी तिचा वाढदिवस आहे म्हणे. न सांगता जाणार होती. सांगितलं तर ‘नको येऊस’ म्हणेल, अशी भीती वाटत होती तिला.”

मी कपाळावर हात मारला. एकाच आईच्या पोटच्या आम्ही, अक्कलही एकाच मापाने वाटलेली! म्हातारीने धाकटीला फोन लावला, तर तो बंद दाराच्या आत वाजायला लागला. ही शाळेतसुद्धा दप्तर विसरून जायची.

म्हातारीने किल्लीने दार उघडून दिलं आणि मला आत बसायची खूण केली. माझे डोळे भरून आले होते. मी उंबरठ्याला म्हटलं, “उघडलं बघा दार. आता जा तुम्ही.”

त्याने मान हलवली. “हे उघडणं नव्हे. आत तुमचं माणूस कुठाय? बसा गाडीत. म्हातारी म्हणते, विमान सुटायला अजून पावणेदोन तास आहेत.”

बॅग दाराआड ठेवून, माझ्या मांडीवर त्याचा कोट आणि कोटाला लोंबणारी सुई, अशा थाटात आम्ही निघालो. पहिल्याच वळणावर सुई अंगठ्यात गेली आणि मी मराठीत जे काही बोलले, ते त्याला बरोबर समजलं असावं, कारण तो “सॉरी, सॉरी” म्हणाला. विमानतळावर गाडी एका ओळखीच्या चालकाच्या हवाली करून तो माझ्याबरोबर धावला. तो पुढे धापा टाकत, मी मागे कोट सांभाळत.

तपासणीच्या आधी ही मोठी रांग. शे-दीडशे पाठी. आता हिला शोधायचं कुठे? आणि मला तो निळा कुडता दिसला. पंधरा वर्षांपूर्वी मी शिवलेला, कॉलर अजून ताठ. पण दोन्ही बाजूंच्या शिवणी कुणीतरी उसवून, काळ्या दोऱ्याने वेडेवाकडे टाके घालून तो सैल केला होता. माझ्या कपड्याला काळा दोरा! माझा तोल सुटला.

“धाकटे! शिवणी कुणी उसवल्या गं?”

सात वर्षांनी तिच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते. अख्खी रांग वळून बघायला लागली. तीही वळली.

“मीच उसवल्या! अंगाला बसायला नको का? माणूस जाड होत नाही का कधी?” ती तिथून ओरडली. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. “ताई? तू... इथे?”

“तुझ्या घरी आले होते.”

“मी तुझ्याच घरी चालले होते!”

ती दोरीखालून वाकून बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, “माप माझंच चुकलं होतं.” ती म्हणाली, “ठाऊक आहे. पण हात गेला असं म्हणायला नको होतं मी.” मग आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो, एकमेकींवर ओरडत, नाकं पुसत. उंबरठा घाबरून जवळ आला. त्याला वाटलं, भांडण जुंपलं. मी म्हटलं, “काळजी करू नका, आमचं असंच असतं.” धाकटीची बॅग आधीच पुढे गेली होती. ती परत मिळवायला तोच खिडकीवरच्या माणसाशी पाऊण तास हुज्जत घालत राहिला.

परतीच्या वाटेवर मी बटण पक्कं केलं, उरलेलीही घट्ट केली. हिरव्या दारासमोर उतरल्यावर त्याने कोट चढवला, सगळी बटणं लावली आणि आम्ही दिलेले जास्तीचे पैसे परत माझ्या मुठीत कोंबून गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

धाकटी शेजारणीकडून किल्ली घेऊन आली. “अगं, हा का थांबलाय? काही राहिलंय का?”

“तू दार उघड आधी,” मी म्हटलं.

तिने दार उघडलं, बॅग आत ढकलली आणि वळली. मी अजून पायरीवरच होते. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर तिच्या घरात पाय टाकायला मला कुणीतरी बोलवायला हवं होतं.

“बाहेर काय उभी? आत ये ना, ताई.”

मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मराठीतला एक शब्दही त्याला येत नव्हता. मी वळून हात केला तेव्हा गाडी गल्लीच्या टोकाला पोचली होती.