समोरच्या वहीतला चौथा चौकोन

समोरच्या दुकानापुढे रांग लागली की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. रांग कुणाची? तर धाकट्या जावेची! जिला सुईत दोरा ओवायला हिनंच शिकवलं, ती आता फक्त पँटची उंची कमी करणार, चेन बदलणार, बाकी कशाला हात लावणार नाही म्हणे. थोरलीच्या पाटीवर कोटापासून पडद्यांपर्यंत अकरा कामं, आणि दिवसभर माशा मारायच्या.

"धंदा कसा चालवायचा याचा कोर्स केलाय बाईंनी! आता शिलाईलाही वह्या लागतात?"

"मग तूही कर की," नवरा म्हणाला, आणि दोन दिवस बोलणं बंद.

पण असंच चाललं तर दोन महिन्यांत दुकान सोडावं लागणार होतं. मग काय, तिनं पाटीवर बारावी ओळ रंगवली. पँटची उंची, अर्ध्या तासात! जावेला तासभर लागायचा ना.

पहिलं गिऱ्हाईक आलं, शाळेतले एक उंचेपुरे मास्तर, कोरी करकरीत पँट घेऊन. एक डोळा घड्याळावर, दुसरा समोरच्या रांगेवर. अशात तिनं एकच पाय दोनदा कापला.

मास्तरांनी आरडाओरडा सुरू केला. पँटचं काम रोज करणारी जाऊच काहीतरी सुचवेल म्हणून नाक मुठीत धरून ती पँट घेऊन समोर गेली, मागोमाग मास्तरही. जाऊ हसलीसुद्धा नाही, त्याचाच जास्त राग आला.

"ताई, तुकडा जोडून टीप दिसू न देणं मला नाही गं जमत. तो हात तुझाच. तुकडा ठेवलायस ना?"

"फेकेन होय मी!"

जाऊ मास्तरांना शांत करायला बाहेर गेली, तेवढ्यात थोरलीची नजर तिच्या उघड्या वहीवर गेली. चार चौकोन. ताकद, कमजोरी, संधी, धोका. कमजोरीत लिहिलेलं, 'कोट येत नाही, ताईकडे पाठवणे.' म्हणजे गेल्या महिन्यात आपल्याकडे आलेले ते तीन कोट जावेनं पाठवलेले? उपकारही तिनंच करायचे? थोरलीचा नुसता तिळपापड झाला. मग चौथा चौकोन. धोका: 'ताईनं सगळं सोडून एकच काम धरलं, तर आपण संपलो.'

तिनं ते तीनदा वाचलं.

परत येऊन तिनं तुकडा असा जोडला की मास्तरांना सांधा शोधून सापडेना. मग स्टुलावर चढून पाटीवरच्या अकरा ओळी पुसल्या. उरला फक्त 'कोट'. समोरून जाऊ बघतेय ना, हे मान वळवून नीट पाहून घेतलं.

"ताई, पडदेवाल्यांना कुठे पाठवू आता?" जावेनं तिथूनच विचारलं.

"घाल खड्ड्यात!" थोरली ओरडली, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या पोटातलं दुखणं थांबलं.